शर्यती मोटारगाडीची देखभाल व जुळणी

शर्यतीत पूर्वी धावलेली मोटारगाडी सुस्थितीत राखणे याला देखभाल, तर तिची चाके, स्प्रिंगा, ब्रेक, गिअर इ. भाग शर्यतमार्गाला व चालकाला अनुरूप अशा मापांवर बसविणे याला जुळणी म्हणतात. गाडी शर्यत संपेपर्यंत अभंग राहील की नाही, हे देखभालीवर ठरते. ती वळणावर किती विश्वासाने व किती वेगाने जाईल, हे जुळणीवर ठरते. नवशिक्या मालकाचे लक्ष साहजिकच दुसऱ्या कामाकडे आधी जाते. तथापि ज्या गाडीचा एखादा सांधा झिजला आहे, तिची कोणतीही जुळणी टिकत नाही. असा सांधा ताशी २०० किमी. च्या आसपास तुटल्यास चालकाच्या जिवावर बेतते. म्हणून या विद्येत कामांचा क्रम महत्त्वाचा मानतात.

इतिहास : हौशी व नवोदित चालकांना परवडेल अशा एकआसनी शर्यती गाडीचा सर्वांत यशस्वी प्रकार म्हणजे ‘फॉर्म्युला फोर्ड’ होय. या प्रकारातील पहिली शर्यत २ जुलै १९६७ रोजी इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे झाली. शर्यतविद्या शिकविणाऱ्या शाळांना त्यापूर्वी महागड्या एंजिनांचा व लवकर झिजणाऱ्या शर्यती टायरांचा खर्च सोसत नसे. त्यावर उपाय म्हणून नेहमीच्या रस्त्यावरील फोर्ड गाडीचे एंजिन व साधे टायर वापरण्याची कल्पना पुढे आली. आरंभी गाडीच्या किंमतीवर १,००० पौंडांची मर्यादाही होती. पुढे एमर्सन फिटिपाल्डी, जेम्स हंट, जोडी शेक्टर व आयर्टन सेना हे भावी जगज्जेते याच प्रकारातून वर आले. ब्रिटनमधील मुख्य मालिकेत १९९३ पासून १,८०० घ. सेंमी. चे नवे एंजिन आले. परंतु जुन्या १,६०० घ. सेंमी. च्या गाड्यांच्या शर्यती ब्रिटन, अमेरिका इ. देशांत चालूच राहिल्या. परिणामी अनेक मालकांच्या हातांतून गेलेल्या या गाड्या नवोदितांना विकत मिळू शकतात. पुढील विवेचन मुख्यतः अशाच गाडीला अनुलक्षून आहे. [→ मोटारगाडी शर्यती].

रचना : पोलादी नळ्या जोडून केलेला सांगाडा, चालकाच्या पाठीमागे एंजिन आणि त्यामागे गिअरपेटी अशी या गाडीची मांडणी असते. १,५९९ घ. सेंमी. च्या ‘केंट’ एंजिनात चार सिलिंडर असून सिलिंडराचा व्यास सु. ८१ मिमी. व दट्ट्याची धाव सु. ७७·६ मिमी. असते. त्याची शक्ती साधारणपणे १०० ते ११५ अश्वशक्ती एवढीच असते. चालकासह गाडीचे वजन सु. ५०० किग्रॅ. भरत असल्याने ही माफक शक्तीही पुरेशी ठरते. गाडी जमिनीवर दाबून धरणारे पंख नियमानुसार लावता येत नाहीत. त्यामुळे वळणावरील पकड सर्वस्वी टायर व चाकांची बैठक यांवर अवलंबून राहते. जुळणीतील लहानशी चूक अशा गाडीत लगेच जाणवते. नवशिक्याला शिकण्यास ही गाडी उत्तम मानतात ती यामुळेच.

प्राथमिक तपासणी : जुनी गाडी हाती आल्यावर तिच्यावरील बाह्य कवच उतरवून सांगाडा स्वच्छ धुतात. साचलेले तेल व धूळ यांखाली भेगा दडलेल्या असतात. नळ्यांचे सांधे, एंजिन व निलंबनाचे दांडे जेथे सांगाड्याला जोडले जातात त्या जागा आणि चालकाच्या पायांजवळचा भाग यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. रंगाच्या पापुद्र्यावर बारीक रेघ किंवा तांबेरा दिसल्यास तेथील रंग खरवडून पाहतात. सांगाडा अपघातात वाकला आहे काय, हे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील कर्णांची लांबी मोजून कळते. दोन्ही कर्ण सारखे न भरल्यास सांगाडा तिरपा झाला असे समजतात.

निलंबनाच्या दांड्यांच्या टोकांना असलेले गोल सांधे हे या गाडीचे मर्मस्थान होय. रबर नसलेले हे सांधे अचूक असतात, पण धुळीने लवकर झिजतात. गाडी उचलून प्रत्येक चाक वर-खाली व आडवे हलवून पाहिल्यास सांध्यातील ढिलेपणा हाताला जाणवतो. चाकाचा धारक, चाकाची तुंबी, सुकाणूचा दांडा व चाकाकडे शक्ती नेणारे दांडे यांची भेगपरीक्षा करून घेणे श्रेयस्कर असते. पोलादी भागांसाठी चुंबकीय कणांची, तर ॲल्युमिनियमासारख्या अचुंबकीय धातूंच्या भागांसाठी भेगेत शिरणाऱ्या रंगद्रवाची पद्धत वापरतात. शंकास्पद भाग दुरुस्त न करता बदलावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. वाकलेला दांडा सरळ केला, तरी त्याची मूळची ताकद परत येत नाही.

प्रत्येक नट ठरविलेल्या परिबलाने आवळून त्यावर व शेजारच्या भागावर मिळून रंगाची एक रेघ ओढतात. नट सैल झाल्यास रेघ तुटलेली दिसते. दोन फेऱ्यांमधील थोड्या वेळात संपूर्ण गाडी नजरेखालून घालण्याचा हा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे.

एंजिन व गिअरपेटी : केंट एंजिन दणकट असले, तरी शर्यतीत ते मिनिटाला साडेसहा ते सात हजार फेऱ्यांपर्यंत चालते. मूळ घरगुती गाडीत त्याला एवढे श्रम क्वचितच पडत. म्हणून एंजिनाचे वय किलोमीटरांत न मोजता चालविलेल्या तासांत मोजतात. पूर्वीच्या मालकाकडून या तासांची नोंद मिळाली नाही, तर एंजिन उघडून तपासावे लागेल असे धरूनच खर्चाचा अंदाज करणे शहाणपणाचे ठरते. वंगणतेल वेगळ्या टाकीत असते व पंपाने खेळविले जाते. गाडी बराच काळ उभी असल्यास ठिणगी-गुडद्या काढून एंजिन नुसतेच फिरवितात व तेलदाबमापकाचा काटा वर आल्यावरच ते सुरू करतात. तेल बदलताना जुनी गाळणी कापून पाहिल्यास तिच्या घड्यांत अडकलेल्या धातुकणांवरून बेअरिंगांची झीज वेळीच कळते.

या गाडीच्या चार गिअरांच्या पेटीत गिअर हलके गुंतविणारी यंत्रणा नसते. त्याऐवजी कड्यावरील जाड दाते एकमेकांत सरळ अडकतात. गिअर भीतभीत, हळू टाकला तर या दात्यांच्या कडा गोल होतात आणि पुढे गिअर आपोआप निसटू लागतो; म्हणून तो एका ठाम हालचालीने टाकावयाचा असतो. पेटीचे मागील झाकण काढून प्रत्येक गिअराची चक्रजोडी वेगळी बदलता येते. मार्गावरील सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी एंजिन आपल्या कमाल फेऱ्यांना पोहोचेल, अशी वरच्या गिअराची जोडी निवडतात आणि त्यानुसार इतर जोड्या ठरवितात.

ब्रेक व सुरक्षा साधने : ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. ‘डॉट ४’ या प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उकळबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, ओलावा मुरलेल्या स्थितीत ही किमान मर्यादा १५५° से. आहे. द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जात असल्याने पायटा तळाला जातो, पण चाकांना रोध होत नाही. हा प्रसंग नेमका सर्वाधिक वेगाच्या शेवटी, वळण समोर असताना येतो. म्हणून द्रव पारदर्शक दिसत असला, तरी हंगामाच्या आरंभी व नंतरही वरचेवर बदलतात. पुढील व मागील चाकांसाठी दोन वेगळे दाबसिलिंडर असून त्यांमधील दांड्याच्या साहाय्याने रोधाची विभागणी ठरविता येते. पुढील चाके किंचित आधी अडकतील अशी ती ठेवतात. मागील चाके आधी अडकल्यास गाडी गरकन फिरते.

चालकाला बांधणारे पट्टे, अग्निशामक, वीजप्रवाह तोडणारा खटका व इंधनाची पिशवी यांना वयोमर्यादा असते किंवा त्यांची ठराविक काळाने तपासणी करावी लागते. पट्ट्यांचे धागे सूर्यप्रकाशाने व तेलाने दुबळे होतात. वरून ते नवे दिसले, तरी त्यांवरील मुदतीची तारीख अंतिम मानावी. इंधनाच्या रबरी नळ्या वाकवून पाहिल्यावर त्यांना तडे दिसल्यास त्या सर्वच बदलतात.

भूमितीय जुळणी : जुळणी सपाट व समतल फरशीवर करतात. टायरांत नेमका दाब भरतात, टाकीत शर्यतीच्या मध्याला असेल तेवढे इंधन ठेवतात आणि आसनावर चालकाला किंवा त्याच्या वजनाइतक्या पोत्यांना बसवितात. कल रोखणारे दांडे सोडवून ठेवतात. त्यानंतर सांगाड्याची जमिनीपासूनची उंची, सुकाणू-अक्षाचा मागे झुकणारा कोन (कॅस्टर), चाकाचा आत किंवा बाहेर झुकणारा कोन (कॅम्बर) आणि चाकांच्या दिशेतील फरक (टो) या क्रमाने मापे घेतात. कॅम्बर बदलला की टो बदलतो, म्हणून टो त्यानंतर बसवितात. टो मोजण्यासाठी महाग उपकरण लागत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना मध्यरेषेशी समांतर दोरे ताणून रिमच्या पुढील व मागील कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजले, तरी मिलिमीटराच्या अंशापर्यंत अचूकता मिळते.

चाकांवरील भार : प्रत्येक चाकाखाली वजनकाटा ठेवून चारही भार मोजतात. समजा, पुढील डावा भार १०८, पुढील उजवा १०२, मागील डावा १४२ व मागील उजवा १४८ किग्रॅ. आहे. डावी व उजवी बाजू प्रत्येकी २५० किग्रॅ. भरते, म्हणजे वरवर गाडी समतोल आहे. परंतु पुढील डाव्या व मागील उजव्या चाकांची कर्णबेरीज २५६, तर दुसऱ्या कर्णाची २४४ किग्रॅ. येते. एक पाय लांब असलेल्या चौरंगासारखी ही स्थिती होय. अशी गाडी एका बाजूच्या वळणावर एक वागते व दुसऱ्या बाजूच्या वळणावर दुसरे वागते. जड कर्णावरील दोन्ही स्प्रिंगांच्या बैठका किंचित उतरवून व हलक्या कर्णावरील तेवढ्याच चढवून भार १०५, १०५, १४५ व १४५ किग्रॅ. असे आणता येतात. स्प्रिंगांच्या बैठका फिरवून पुढील-मागील किंवा डाव्या-उजव्या बाजूंच्या बेरजा प्रत्यक्षात बदलत नाहीत. त्यासाठी गाडीतील एखादी जड वस्तूच हलवावी लागते. भार जुळल्यावर उंची व कोन पुन्हा तपासतात आणि कल रोखणारे दांडे पीळ न देता जोडतात.

मार्गावरील जुळणी : गाडी वेगात काही फेऱ्या मारून आल्याबरोबर प्रत्येक टायराचे तापमान आतील कड, मध्य व बाहेरील कड या तीन ठिकाणी सुईच्या तापमापकाने मोजतात. मध्यभाग जास्त तापल्यास दाब अधिक, तर दोन्ही कडा जास्त तापल्यास दाब कमी असतो. आतील कड थोडी अधिक तापणे योग्य समजतात. ती फारच तापल्यास चाक आत अधिक झुकलेले असते. टायर तापले की त्यांतील दाब वाढतो, म्हणून थंड व गरम अशा दोन्ही दाबांची नोंद ठेवतात. जुन्या टायरांची नक्षी शिल्लक असली, तरी त्यांचे रबर कठीण झालेले असते. अशा टायरांवर केलेली जुळणी नव्या टायरांना लागू पडत नाही.

वळणावर पुढील चाके आधी पकड सोडून गाडी बाहेर सरकू लागल्यास पुढील कलरोधक दांडा मऊ किंवा मागील कठीण करतात. मागील चाके आधी घसरत असल्यास याच्या उलट करतात. तथापि दोष वळणाच्या आरंभी, मध्याला की बाहेर पडताना जाणवतो, हे आधी ठरवावे लागते. पुष्कळदा वळणात शिरतानाचा अतिवेग किंवा ब्रेक पायाखालून एकदम सोडण्याची सवय यांमुळेच गाडी बाहेर सरकते. चालकाच्या फेऱ्यांचा वेळ एकसारखा येऊ लागेपर्यंत जुळणीला हात लावू नये, असे अनुभवी लोक सांगतात. कारण वेळात पडलेला फरक गाडीमुळे आहे की हातामुळे, हे तोपर्यंत समजत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा आणि सुधारणा न झाल्यास मूळ मापावर परत यावे, हा नियम सर्वत्र मान्य आहे.

नोंदवही : तारीख, मार्ग, हवामान, टायरांचे दाब, कोन, भार, गिअरजोड्या, एंजिनाचे तास आणि बदललेले भाग यांची वही ही गाडीइतकीच मोलाची असते. वापरलेली गाडी घेताना अशी वही मिळाल्यास मालकाला मूळ जुळणी आयती हाती येते. ती नसल्यास बनविणाऱ्याने दिलेल्या मापांपासून आरंभ करणे सर्वांत सुरक्षित असते. वाकलेला दांडा, दुरुस्त केलेली भेग किंवा घडलेला अपघात यांची प्रामाणिक नोंद पुढील मालकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय. असे भाग वरून रंगविले की डोळ्यांना दिसत नाहीत.

भारतातील स्थिती : भारतात मद्रासजवळील शोलावरम येथील जुन्या विमान-धावपट्टीवर दीर्घकाळ शर्यती होत. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगाट्टुकोट्टई येथे खास बांधलेला मार्ग सुरू झाला. मारुती ८०० चे एंजिन बसविलेल्या ‘फॉर्म्युला मारुती’ या एकआसनी गाड्यांनी अनेक भारतीय चालकांना पहिला धडा दिला. रोजच्या वापरातील एंजिन, साधा सांगाडा व खर्चावर मर्यादा हे तत्त्व येथेही तेच होते. गाडी कोणतीही असली, तरी धुणे, पाहणे, मोजणे व लिहिणे ही चार कामे मालकाने स्वतः करणे इष्ट असते. गाडीचा प्रत्येक सांधा ज्याच्या हाताखालून गेला आहे, त्याला वेगात असताना येणारा अपरिचित आवाज किंवा कंप लगेच ओळखता येतो आणि गाडी वेळीच बाजूला घेता येते.