मार नाही, तरी अंगावर काळेनिळे डाग?

वळसंगसारखं गाव असो की सोलापूर शहर, मार न लागता बाईच्या अंगावर काळेनिळे डाग उमटले, की कुणीतरी ‘भानामती’ म्हणतंच. भानामती म्हणूनच सांगितल्या जाणाऱ्या, अंगावर उठणाऱ्या बिब्ब्याच्या फुल्यांचं प्रकरण वेगळं. तिथे बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते आणि ते तेल कुणाच्या तरी हातानेच लागतं.

मार न लागता उमटणारे हे काळेनिळे डाग मात्र वैद्यकशास्त्राच्या ओळखीचे आहेत. १९५५ मध्ये गार्डनर आणि डायमंड या अमेरिकी डॉक्टरांनी अशा चार स्त्रियांची नोंद केली. आधी त्वचा चुरचुरते, दुखते, सुजून लाल होते. मग निळा डाग पडतो आणि काही दिवसांत विरतो. रुग्णाला स्वतःच्याच तांबड्या पेशी सोसत नसाव्यात, असं त्या दोघांना वाटलं. पुढे अ‍ॅगल आणि रॅटनॉफ यांनी या रुग्णांच्या मनावरचा खोल ताण दाखवून दिला आणि ‘सायकोजेनिक परप्युरा’ हे नाव रूढ झालं. ताणातून डाग नेमका कसा उमटतो, हे अजून उलगडलेलं नाही.

हा आजार फार दुर्मीळ.

म्हणून आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या हव्यात, चालू गोळ्यांची चौकशी हवी. घरात मारहाण होते का, हेही बाईला एकटीला घेऊन विचारायलाच हवं. सगळं नॉर्मल आलं, तरी ‘नाटक करते’ म्हणणं क्रूरपणाचं आहे. समुपदेशन आणि मानसोपचारांनी अनेकींना आराम पडतो.

मांत्रिकाकडे जाऊ नका. मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.