कोंबडीच्या पोटातील रक्ताची वाटणी

उन्हाळ्यात दुपारच्या वेळी कोंबड्यांपुढचे खाद्य काढून घ्यावे, असा सल्ला कुक्कुटपालकांना दिला जातो. खाद्याचा आणि उन्हाचा काय संबंध, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर उत्तर कोंबडीच्या रोहिण्यांपासून सुरू करावे लागते.

पक्ष्यांत महारोहिणी हृदयातून निघून उजवीकडे वळते (आपल्यात ती डावीकडे वळते) आणि कण्याच्या खालून मागे जाते. वाटेत तिला पचनेंद्रियांसाठी तीन शाखा फुटतात. मानेच्या तळाशी असलेली अन्नाची पिशवी, म्हणजे अन्नपुट, यांवर अवलंबून नसते. तिला मानेतील रोहिण्यांकडूनच रक्त मिळते.

तीन शाखांपैकी पहिली, उदरगुहा रोहिणी, सर्वांत महत्त्वाची. तिचे दोन फाटे होतात. डावा फाटा पाचकरस स्रवणारे जठर, पेषणीची डावी बाजू आणि यकृताचा डावा खंड यांच्याकडे जातो. उजवा बराच लांब जातो. प्लीहा, यकृताचा उजवा खंड व पेषणीची उजवी बाजू यांना रक्त देऊन तो ग्रहणीच्या वळशात शिरतो, त्या वळशाच्या कुशीतील अग्निपिंडाला रक्त देतो आणि त्याची एक शाखा शेजारच्या दोन अंधनालांपर्यंत पोचते. माणसात अंधनालाला रक्त देणारी रोहिणी वेगळी असते. त्यामुळे माणसाची आकृती पाहून कोंबडीची काढली तर ती येथे चुकते.

पेषणी म्हणजे मटणवाल्याकडे कलेजीबरोबर मिळतो तो पेटा. पक्ष्यांना दात नसल्याने दाणे भरडण्याचे काम या जाड स्नायूकडे असते. तो मिनिटाला दोन-तीन वेळा आकुंचन पावतो. वर्गात पेटा आणि छातीचे मांस शेजारी ठेवून दाखवावे. पेट्याचा गडद लाल रंग रक्ताचा आहे असे मुले हमखास सांगतात, पण तो स्नायूतच असलेल्या मायोग्लोबिनचा असतो.

दुसरी शाखा लहान आतड्याच्या बहुतेक भागाला रक्त देते. तिसरी बारीक, ती शेवटच्या भागापुरती.

आता उन्हाकडे वळू. दोन किलोच्या कोंबडीत रक्त असते सुमारे १४० मिलिलिटर, म्हणजे कपभर चहाइतके! तिच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिला घर्मग्रंथी नाहीत. ऊन वाढले की उष्णता बाहेर टाकण्यासाठी तुरा, चोचीखालची लोंबती कातडी आणि पिसे नसलेले पाय यांकडे जास्त रक्त जाते. चोच उघडून धापा टाकणे चालू असतेच. हे जादा रक्त येते कोठून? आतड्याकडे जाणाऱ्या सूक्ष्म रोहिण्या आकसतात आणि तेथला पुरवठा घटतो. प्राणवायू कमी पडल्याने आतड्याचे अस्तर दुबळे होते व जंतूंची विषे त्यातून रक्तात झिरपू शकतात. नेमके याच वेळी पोट भरलेले असेल, तर पचनाची स्वतःची उष्णता त्यात भर घालते. ही उष्णता खाल्ल्यानंतरही काही तास निर्माण होत राहते. म्हणून खाद्य उन्हाचा कडाका सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या काही तास आधीच काढतात, पाणी मात्र थंड व भरपूर ठेवतात, आणि खाद्य पहाटे व संध्याकाळी देतात.