बाळंतिणीचा हक्क : बाबासाहेबांचे दोन सवाल

१९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. ठरावीक उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर माफ; मग गरीब शेतकऱ्याकडून सारा का?

२८ जुलै १९२८ रोजी त्यांनी गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, पण मालकानेही वाटा द्यावा, ही त्यांची भूमिका. १९२९ साली कायदा झाला.

आज कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. मात्र धुणीभांडी करणाऱ्या आपल्या ताईला ती मिळत नाही. म्हणून दिवस राहताच अंगणवाडीत नाव नोंदवा, मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळंतपणाचे ५,००० रुपये मागा. ती भीक नाही, हक्क आहे. जय भीम!