ब्रेकची विषम झीज आणि दुर्गम प्रवास

मोटारीस गति देणाऱ्या यंत्राचें कौतुक सर्वच करितात. परंतु डोंगरी मुलुखांत प्रवाशाचें जीवित तिला थांबविणाऱ्या साधनावर अवलंबून असतें, इकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. हल्लीं उन्हाळ्यांत पुण्यामुंबईकडील पुष्कळ तरुण चारही चाकांस गति देणारीं वाहनें घेऊन मनालीहून लेहला जातात. त्या वाटेवर बारालाचा ही खिंड सुमारें ४,८९० मीटर उंच असून तांगलांग ला तर ५,३०० मीटरांहून उंच आहे. गाटा येथें २१ वळणें घेत रस्ता वर चढतो. परततांना तींच वळणें उतरावीं लागतात. केलाँग मागें पडलें म्हणजे लेह जवळ येईपर्यंत दुरुस्तीचें चांगलें ठिकाण क्वचितच सांपडतें. अशा वाटेवर ब्रेकचे पॅड विषम झिजले तर काय होतें, व तें आधीं कसें ओळखावें, हें उद्यां तुमच्यापैकीं जो कोणी तिकडे जाईल त्यास ठाऊक असलें पाहिजे.

प्रथम ब्रेकची रचना पाहूं. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते. तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांस एकेक पॅड असतो, व दोहोंस कवेंत घेणाऱ्या भागास कॅलिपर म्हणतात. पुष्कळ वाहनांत दट्ट्या कॅलिपरच्या आंतल्या बाजूसच असतो. पेडल दाबलें म्हणजे तेलाच्या दाबानें दट्ट्या पुढें सरकतो व आंतला पॅड डिस्कला भिडतो. क्रियेइतकीच प्रतिक्रिया होते, ह्या न्यूटनच्या नियमास अनुसरून कॅलिपर उलट दिशेस सरकतो आणि बाहेरचा पॅड दुसऱ्या अंगावर आणून दाबतो. हें सरकणें दोन गुळगुळीत पिनांवर घडतें. सारांश, दोन्ही पॅडांवर सारखा भार पडणें हें ह्या दोन लहानशा पिनांच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे.

आतां विषमतेचीं कारणें पाहूं. ओढ्यांचें पाणी, चिखल व बारीक धूळ हीं फाटलेल्या रबरी टोपणांतून पिनांपर्यंत पोहोंचतात. ग्रीस वाळतें, गंज चढतो व पिना अडकतात. कॅलिपर पुढें सरकेनासा झाला तर आंतला पॅडच सारा भार सोसतो; सरकून मागें फिरला नाहीं तर बाहेरचा पॅड घासत राहतो. एकच पिन अडकली तर पॅड तिरपा झिजतो. दट्ट्या गंजून मागें येईनासा झाला तर आंतला पॅड लवकर संपतो. डावें व उजवें चाक ह्यांत फरक दिसला तर तेलाची रबरी नळीही तपासावी. ती आंतून सुजली म्हणजे तेलास जाऊं देते, पण सहजासहजीं परत येऊं देत नाहीं.

मात्र प्रत्येक फरक दोषाचाच असतो असें नव्हे. थांबतांना भार पुढें येतो, म्हणून पुढील पॅड बहुधा अधिक झिजतात. शिवाय एखादें चाक चिखलांत नुसतेंच फिरूं लागलें म्हणजे अलीकडील पुष्कळ वाहनांतील यंत्रणा त्याच चाकास आपोआप ब्रेक लावते. त्यामुळेंही एखादें चाक अधिक झिजूं शकतें.

धोका आहे तो हा, कीं चाकाच्या फटींतून पाहणाऱ्यास बहुधा बाहेरचाच पॅड दिसतो. तो जाड पाहून मनुष्य निर्धास्त होतो. आंतल्याचें मात्र नुसतें पोलादी पान उरलेलें असतें. तें डिस्कला खरडूं लागतें व ब्रेकची पकड जाते. अडकलेल्या पॅडच्या सततच्या घर्षणानें उष्णताही फार वाढते. डॉट ४ जातीचें ताजें ब्रेक तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. परंतु तें हवेंतील ओलावा शोषतें, व ओलावा मुरलेल्या तेलासाठीं हीच मर्यादा १५५ अंश आहे. तेल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, म्हणून पेडल खालीं जातें, पण वाहन थांबत नाहीं.

उपाय मात्र सोपे आहेत. निघण्यापूर्वीं चाकें काढून आंतला व बाहेरचा असे सर्व पॅड मोजावे. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला असल्यास ते बदलावे. पिना हातानें सरकतात कीं नाहीं तें पाहावें, पुसून त्यांस उष्णता सोसणारें सिलिकोन ग्रीस लावावें. साध्या ग्रीसनें रबर फुगतें. जुनें तेल बदलावें. ओढा ओलांडल्यावर हळू चालत पेडल हलकेंच दाबून ब्रेक वाळवावे. उतारावर खालच्या गिअरमध्यें राहून इंजिनास रोधाचें काम करूं द्यावें. मुक्कामीं पोहोंचल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा, पण स्पर्श करूं नये. जोडीदारापेक्षां एखादें चाक फार तापलेलें आढळल्यास तेथेंच थांबून तपास करावा. पॅड बदलतांना समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे बदलावे.

पॅडची विषम झीज हा रोग नव्हे, तें रोगाचें लक्षण होय. अडकलेली पिन मोकळी न करितां नवा पॅड बसविला तर तोही त्याच वाटेनें जाईल. एकानें आपला वांटा उचलला नाहीं म्हणजे सोबत्यास दुप्पट झिजावें लागतें. आणि जी बाजू डोळ्यांस दिसत नाहीं, तीच आधीं तपासावी, हें शहाणपण खिंड चढूं लागण्यापूर्वींच उपयोगीं पडतें.