ओट्याचा हिशेब मातीपासून

वैशाखातली सकाळ. नऊही वाजलेले नाहीत, तरी कारंज्यात ऊन पाठीला चटके देऊ लागलं आहे. गुरुमंदिराकडे निघालेले भाविक सावलीची कड धरून चालले आहेत. शेजारच्या काकूंच्या दारात मिस्तरी उकिडवे बसून टेप ताणत आहेत. टेपचं दुसरं टोक मी भिंतीशी धरलं आहे. काकूंच्या हातात वही आहे.

“बारा बाय पाच. जाडी चार इंच,” मिस्तरी म्हणतात.

काकूंचा हिशेब पक्का आहे. 60 चौरस फूट, चार इंच जाडी, म्हणजे 20 घनफूट काँक्रीट. कालवल्यावर माल बसतो, म्हणून कोरडा माल दीडपटीहून थोडा जास्त, 31 घनफूट धरायचा. एकास दीड, तीन या प्रमाणात 5 गोण्या सिमेंट, साडेआठ घनफूट रेती, 17 घनफूट गिट्टी. ब्रास 100 घनफुटांचा, त्यामुळे रेती आणि गिट्टी पाव पाव ब्रास सांगितली की भागतं. 8 मिलिमीटरच्या सळया फुटाफुटावर जाळीत बांधायच्या, तर 40 फुटी 4 सळया लागतात. वजन 19 किलो.

सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे काकूंना ठाऊक आहे. गोणी 360 धरून त्या 1800 लिहितात. सळई 1140, रेती 1500, गिट्टी 1000. बेरीज 5440.

“म्हणजे मजुरी धरून आठ हजारांत होतं!” काकूंचा चेहरा खुलतो.

मिस्तरी काहीच बोलत नाहीत. सब्बल उचलतात आणि भिंतीपासून हातभर अंतरावर हाणतात. काळंभोर ढेकूळ उखडून वर येतं. खाली जमिनीला बोट जाईल एवढी भेग पडलेली आहे.

“ह्या मातीचा भरोसा नाही, काकू. पाणी पडलं का फुगते, उन्हाळ्यात आकसते. तुमचा जुना ओटा कशानं गेला? हिच्यावरच ओतला होता.”

जुना ओटा समोरच आहे. मधोमध तडकलेला, भिंतीपासून सुटलेला, पुढच्या बाजूला खचलेला. वऱ्हाडात कपाशीला भरभरून देणारी ही माती बांधकामाखाली अशी त्रास देते. तिच्यातली चिकण माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. वरचं काँक्रीट कितीही चांगलं असलं, तरी दरवर्षीची ही हालचाल चार इंचांच्या थराला सोसवत नाही.

“दोन फूट खोदा लागन,” मिस्तरी सांगतात. “खाली दीड फूट मुरूम, थर देऊन, पाणी मारून, धुमस करून. वरतं सहा इंच डबर. मग काँक्रीट.”

काकू नवं पान उलटतात. दीड ब्रास मुरूम 2250. अर्धा ब्रास डबर 1000. खोदाई आणि धुमस, दोन मजूर दोन दिवस, 2000. जमिनीखालचे 5250 होतात.

“एवढे? पायात कस्तुरी घालायची आहे का?” काकू विचारतात. इथल्या कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका कारंज्यात घरोघरी ठाऊक आहे. तिच्या बांधकामात खरी कस्तुरी कालवली होती, असं सांगतात.

“कस्तुरी नको. मुरूम पायजे,” मिस्तरी शांतपणे म्हणतात.

ओतण्याच्या दिवशी मिस्तरीचे 900, दोन मजुरांचे 1000, फळ्यांचे 300. सगळे मिळून 12,890. नासाडी आणि भावातल्या चढउतारासाठी वर दहा टक्के. 14 हजारांच्या थोडं पुढे.

काकू पेन थांबवून बघत राहतात. त्यांनी शेवटी ‘टाइल्स’ असं लिहिलेलं आहे. त्यावर त्या रेघ मारतात. मुरूम तसाच राहतो. मला मनापासून बरं वाटतं. पैसे कमी पडले की न दिसणाऱ्या गोष्टींवर पहिली काट बसते, आणि ओट्याचं आयुष्य तर त्यांवरच ठरतं.

मिस्तरी उरलेलं सांगतात, मीही ते काकूंच्या वहीत उतरवून घेते. भिंत आणि ओटा यांच्यात डांबरी फेल्टची पट्टी. बाहेरच्या बाजूला पाच फुटांत एक इंच उतार. गोणीमागे 25 लिटरच पाणी. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो, पण ताकद जाते. ओतणं पहाटे, उन्हाच्या आधी. आणि तराई. आपण वापरतो त्या पीपीसी सिमेंटला कोरड्या, उष्ण हवेत 14 दिवस ओल ठेवावी, असं भारतीय मानकात आहे. ओली पोती अंथरून ठेवली तर या उन्हात पाणी टिकतं.

“तेवढं पाणी आहे का, ते आधी पाहा. नसंल तर टँकर लिहा,” मिस्तरी म्हणतात.

काकू लिहितात, आणि संपूर्ण यादी नव्या पानावर पुन्हा उतरवतात. या वेळी पहिल्या ओळीत खोदाई आहे, मग मुरूम, मग डबर, मग तराईचं पाणी. सिमेंट पाचवं. काळ्या मातीवर ज्याला ओटा बांधायचा आहे, त्याने यादी याच क्रमाने करावी आणि मिस्तरीला पहिला प्रश्न खोदाईचा विचारावा.