मतदानाच्या आधीचं काम: यादीतलं नाव, प्रभागातली चार मतं आणि उमेदवाराची चौकशी

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल निवडून आले, आसिफ शेख रशीद हरले. त्याच वर्षी धुळे लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपच्या सुभाष भामरेंना ३,८३१ मतांनी हरवलं. २०१९ मध्ये मुक्ताईनगरची जागा १,९५७ मतांनी ठरली होती आणि धुळे शहराची ३,३०७ मतांनी. हे आकडे कोण जिंकलं, कोण हरलं हे सांगण्यासाठी दिलेले नाहीत. कुणाला मत द्यायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण १६२ मतं म्हणजे किती? एका मोठ्या गल्लीत त्याहून जास्त मतदार राहतात.

आपल्याकडे मतदानाची चर्चा सुरू होते ती प्रचाराच्या गाड्या फिरायला लागल्यावर. खरं काम त्याच्या कितीतरी आधीचं असतं. ते काम काय आहे, कुठं अडतं आणि घरच्या घरी काय करता येतं, हे आम्ही इथं सांगणार आहोत.

हा हक्क सहज मिळालेला नाही

१९३७ च्या निवडणुकीत मत द्यायला मालमत्ता, कर किंवा शिक्षण अशा अटी होत्या. गरीब माणूस आणि बहुतेक बाया त्यातून बाहेरच होत्या. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर १९३६ मध्ये, आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, पंडित नेहरू अध्यक्ष होते. प्रौढ मताधिकारावर निवडलेली घटना समिती हवी, ही मागणी तिथं झाली. म्हणजे प्रत्येकाला एक मत, ही गोष्ट आपल्याच केळीच्या पट्ट्यात मोठ्यानं बोलली गेली होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ती खरी झाली.

दोन आयोग, एक यादी

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. लोकसभा आणि विधानसभा निवडणूक घेतो तो भारत निवडणूक आयोग. महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुका घेतो तो राज्य निवडणूक आयोग. आयोग वेगळे असले तरी राज्य आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही. एका ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागाप्रमाणे फोडतो.

जळगाव आणि धुळे महानगरपालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे ज्या मुलानं ऑगस्टमध्ये अर्ज भरला, त्याचं नाव त्या मतदानात नव्हतं. प्रभागाची प्रारूप यादी लागते तेव्हा हरकत घेता येते, पण ती कशावर? नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असून इथं सुटलं, अशा चुकांवर. नवं नाव त्या वेळी घालता येत नाही. म्हणून "निवडणूक लागली की बघू" हे म्हणणंच महागात पडतं.

नाव नोंदवायला वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. यांपैकी ज्या तारखेला अठरा वर्षं पूर्ण होतात, तिथून मुलगा-मुलगी पात्र. नव्या नावासाठी नमुना ६, नाव-पत्ता दुरुस्ती किंवा घर बदललं असेल तर नमुना ८, आणि मयत किंवा कायमचं निघून गेलेल्या माणसाचं नाव काढायला नमुना ७. अर्ज मोबाईलवरून भरता येतो किंवा आपल्या भागाच्या बीएलओकडे देता येतो. माहितीसाठी १९५० हा फोन नंबर आहे. बीएलओ बऱ्याचदा आमच्यासारखे शिक्षक किंवा अंगणवाडी सेविकाच असतात. त्यांना दारातूनच परत पाठवू नका.

आपल्या नावांची अडचण

उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्याला ही अडचण लगेच दिसते. उर्दूत 'ज़' आवाजासाठी चार अक्षरं आहेत. ज़ुबैर 'ज़े'नं, ज़ाकिर 'ज़ाल'नं, रज़िया 'ज़ाद'नं आणि ज़हीर 'ज़ोय'नं लिहितात. मराठीत आले की कुणी 'ज' लिहितं, कुणी 'झ'. इंग्रजीत कुठं झेड, कुठं जे. मग रज़िया आधारवर रझिया, शाळेच्या दाखल्यावर रजिया आणि यादीत आणखी तिसरंच काही.

दुसरी गोष्ट खानदेशातली खास. आपल्याकडे नाव लिहायची पद्धत 'शेख सलीम शेख युसुफ' अशी, म्हणजे आडनाव दोनदा. फॉर्ममध्ये मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे रकाने. कुठं 'शेख' हेच नाव होऊन बसतं, कुठं 'सलीम शेख' हे आडनाव. बायांचं तर विचारूच नका. माहेरी 'शमीमबी शेख रशीद', सासरी 'शमीमबानो शेख अनीस'. एका नावाच्या दोन बाया निघतात, किंवा माहेरचं नाव तसंच राहतं आणि सासरी नाव लागतच नाही.

यातून दोन धोके आहेत. एक म्हणजे दुबार नावाचा. गेल्या स्थानिक निवडणुकांत राज्य आयोगानं संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे () लावले होते. अशा मतदारानं आपण एकाच ठिकाणी मत देणार हे लिहून द्यायचं होतं. आपल्याकडे एकाच मोहल्ल्यात एकाच नावाची चार-पाच माणसं सहज सापडतात, वडिलांचं नावही कधी सारखंच निघतं. तारा लागला म्हणजे नाव गेलं असं नाही, पण घाबरून घरी बसलात तर मत गेलंच.

दुसरा धोका यादीच्या सखोल पुनरीक्षणाचा. २०२५ मध्ये बिहारमध्ये ते झालं. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली. सुप्रीम कोर्टानं १४ ऑगस्टला सांगितलं की ही नावं कारणांसकट जाहीर करा. पुढं आधार कार्डही ओळखीचा पुरावा म्हणून घ्यायला लावलं. अफवा ऐकून घाबरायचं कारण नाही, पण बिहारचा धडा स्पष्ट आहे. ज्यांची कागदं जुळत होती त्यांचं काम सोपं झालं, बाकीच्यांना धावपळ करावी लागली. म्हणून आई-वडिलांच्या जुन्या मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक शोधून ठेवा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि मतदार ओळखपत्र यांवरचं नाव शक्य तितकं एकसारखं करून घ्या.

नाव कापायचा अर्ज आपल्याविरुद्ध कुणी केला, तर आपल्याला नोटीस यायला हवी आणि बाजू मांडायची संधी मिळायला हवी. निर्णय पटला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आहे, त्यापुढे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. नोटीस आली तर ती घेतलीच पाहिजे. सही करायची भीती वाटून परत पाठवू नका.

सुरतला, भिवंडीला किंवा मुंबईला कामाला गेलेल्या मुलांबद्दल एक गोष्ट. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, जिथं माणूस खरोखर राहतो तिथं. दोन्हीकडे नाव ठेवणं हुशारी नाही, खोटी माहिती देणं गुन्हा आहे. आखातात गेलेल्या भारतीय नागरिकासाठी नमुना ६-अ आहे, पण मत द्यायला त्याला स्वतः यावं लागतं.

कोणत्या निवडणुकीत किती मतं?

जळगाव महापालिकेत ७५ आणि धुळे महापालिकेत ७४ नगरसेवक असतात. प्रभाग बहुसदस्यीय आहेत. म्हणजे एका मतदाराला साधारण चार मतं द्यायची असतात, अ, ब, क आणि ड जागेसाठी एकेक. अ मध्ये एकाला मत देऊन बाहेर निघालं की झालं, असं नाही. प्रत्येक जागेसाठी बटण दाबायचं, आणि कुणीच पटत नसेल तर त्या जागेचा 'नोटा'. सगळी मतं नोंदली की मशीनचा मोठा बीप वाजतो. तो ऐकल्याशिवाय हलू नका. विधानसभेला दिसते ती चिठ्ठी, म्हणजे व्हीव्हीपॅट, या मतदानात नव्हती. बटण नीट बघून दाबलेलं बरं.

भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, दोंडाईचा अशा नगरपरिषदांत नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडतात, त्याचं एक मत आणि प्रभागातल्या सदस्यांची वेगळी मतं. जिल्हा परिषदेला दोन मतं, एक गटासाठी, एक पंचायत समितीच्या गणासाठी. ग्रामपंचायतीत सरपंचाचं एक आणि वॉर्डातल्या सदस्यांची वेगळी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलींना हे आदल्या रात्री कागदावर चौकोन काढून समजवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आरक्षणाचंही नीट समजून घ्या. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. ओबीसींच्या जागा आहेत आणि महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत मुसलमानांतल्याही अनेक बिरादऱ्या येतात. यावल, रावेर, चोपड्याकडचे आपले तडवी भाऊ अनुसूचित जमातीत आहेत. पण राखीव जागेवर उभं राहायला जातीचा दाखला आणि जात वैधता लागते. ती ऐन वेळी मिळत नाही. ज्या घरात शिकलेली सून किंवा मुलगी आहे आणि समाजासाठी काही करायची इच्छा आहे, त्यांनी कागदपत्रं आताच सुरू करावीत.

कुणाकडे काय मागायचं?

नगरसेवकाला देशाच्या प्रश्नावर भाषण करायला लावायचं आणि आमदाराला गटारीबद्दल विचारायचं, असं आपल्याकडे चालतं. पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे, कचरा, जन्म-मृत्यूची नोंद आणि महापालिकेच्या शाळा हा महापालिकेचा कारभार आहे. जळगावला पाणी वाघूर धरणातून येतं, धुळ्याला तापी, अक्कलपाडा यांसारख्या ठिकाणांहून. ते आपल्या मोहल्ल्यात किती दिवसांआड येतं हा नगरसेवकाला विचारायचा प्रश्न आहे. खेड्यातली जिल्हा परिषदेची उर्दू शाळा, तिथं शिक्षक किती, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर बसतो का, हे जिल्हा परिषद सदस्याला विचारा. कायदे, राज्याचं बजेट, अल्पसंख्याक विभागाच्या योजना, शिक्षक भरतीचं धोरण, हे आमदाराला.

उमेदवाराबद्दल माहिती मिळवणंही अवघड नाही. प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहिलेलं असतं. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हा हक्क आपल्याला मिळाला. विधानसभेच्या उमेदवारांची शपथपत्रं आयोगाच्या वेबसाईटवर दिसतात. आपल्या प्रभागातले उमेदवार आले की तीन प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांत काय केलं, या पाच वर्षांत नेमकं काय करणार, आणि निवडून आल्यावर भेटणार कुठं? उत्तरं वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी ती वही कामाला येते.

अमानत आणि पाकीट

देवबंदचे मुफ्ती राहिलेले मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताकडे तीन प्रकारे बघायला सांगितलं होतं: गवाही, शिफारस आणि वकालत. आपण एखाद्याला मत देतो म्हणजे हा माणूस लायक आहे अशी साक्ष देतो, त्याची शिफारस करतो आणि त्याला आपला वकील नेमतो. साक्ष विकायची नसते, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही कळतं. कायदाही तेच सांगतो. मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघंही गुन्हेगार ठरतात. पाचशे किंवा हजाराचं पाकीट घेतलं की पुढची पाच वर्षं नळासाठी तोंड उघडता येत नाही, कारण समोरचा म्हणतो, हिशेब चुकता झाला.

तसंच धर्माच्या नावानं मत मागणं हा कायद्यानं भ्रष्ट आचार आहे. सुप्रीम कोर्टानं २ जानेवारी २०१७ च्या निकालात ते आणखी स्पष्ट केलं. मशीद, मंदिर, कुठलीही इबादतीची जागा प्रचाराला वापरता येत नाही. जुम्म्याला "यादीत नाव तपासा, मतदानाला जा" एवढं सांगणं वेगळं आणि अमक्याला मत द्या सांगणं वेगळं. ही रेघ आपणच सांभाळली पाहिजे.

मतदानाच्या दिवशी

मतदार ओळखपत्र नसलं तरी आधार, पॅन, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, फोटो असलेलं बँक पासबुक अशी ओळख चालते. नुसती मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही. स्पेलिंगच्या किरकोळ फरकासाठी मतदान नाकारता येत नाही, माणूस तोच आहे हे पटलं की पुरे. बुरखा घालणाऱ्या बायांची ओळख बाई कर्मचाऱ्यानं आडोशाला पाहायची, अशी पद्धत आहे. तशी सोय शांतपणे मागा, वाद घालू नका. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर केंद्राध्यक्षाला भेटा आणि प्रदत्त मत मागा. ते कागदी मतपत्रिकेवर देता येतं. यंत्रमागावर, दुकानात किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्यांना विधानसभा-लोकसभेच्या मतदानाला भरपगारी सुट्टीचा कायदेशीर हक्क आहे.

सुरुवात मात्र आजच करता येते. रात्री जेवण झालं की मोबाईलवर घरातल्या प्रत्येकाचं नाव मतदार यादीत शोधा. नाव, वय, पत्ता आणि भाग क्रमांक कागदावर उतरवून घ्या. अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींचा नमुना ६ भरा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरून इकडे आणायला नमुना ८ भरा. शेजारच्या खालांना मोबाईल वापरता येत नसेल तर त्यांचंही नाव त्याच वेळी बघून द्या.