घरच्या छायाचित्रांवर नको असलेली नजर



दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील माजलगाव परिसरातल्या अनेक वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजेच ‘एक कोयता’, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि कित्येक महिने परतत नाही. मुले पुष्कळदा आजी-आजोबांपाशी राहतात. दुभंगलेल्या या घराला जोडणारा धागा म्हणजे मोबाइल. लेकीचा वाढदिवस, धाकट्याचे शाळेतले बक्षीस, आजोबांचे आजारपण हे सारे छायाचित्रांच्या रूपाने उसाच्या फडापर्यंत पोहोचते. ही मोठीच सोय आहे. परंतु आईबापांसाठी पाठवलेले छायाचित्र त्यांच्याशिवाय आणखी कोण पाहते, याचा विचार आपण क्वचितच करतो. या लेखात तोच विचार करावयाचा आहे.

व्हॉट्सअॅपचे ‘स्टेटस’ घ्या. विशेष काही बदल केला नसेल, तर आपण ज्यांचा क्रमांक जतन केला आहे आणि ज्यांच्याकडे आपलाही क्रमांक जतन आहे, त्या सर्वांना ते दिसते. आपल्या फोनमध्ये कोणाकोणाचे क्रमांक असतात? नातेवाइकांचे असतातच, पण मुकादमाचा, ट्रॅक्टरवाल्याचा, कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराचा आणि एकदाच गाठ पडलेल्या एखाद्या गवंड्याचाही असतो. म्हणजे आईसाठी ठेवलेले मुलीचे छायाचित्र हे सारे जण पाहू शकतात. कुटुंबाच्या ग्रुपचेही तसेच आहे. एखाद्या भाच्याने जुने सिमकार्ड टाकून दिले, तर तो बंद क्रमांक दूरसंचार कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते. आपल्या यादीत मात्र भाच्याचेच नाव राहते.

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांची रचना आठवून पाहावी. अनोळखी माणूस ढाळजेत बसे, ओळखीचा ओसरीवर येई आणि माजघरात केवळ घरची माणसे वावरत. ढाळजेत बसवल्याने कोणाचा अपमान होत नसे. उलट त्याला पाणी दिले जाई, त्याची विचारपूस होई. मोबाइलने मात्र ढाळज आणि माजघर यांमधली भिंतच काढून टाकली आहे. ती पुन्हा उभी करणे हा उद्धटपणा नव्हे, ते घरधन्याचे कर्तव्य आहे.

ही भिंत उभारण्याचा मार्ग सोपा आहे. महिन्यातून एकदा घरातील जाणत्या मुलाला जवळ बसवावे आणि ग्रुपमधील प्रत्येक क्रमांक वाचून ‘हा कोण?’ असे विचारावे. ज्याचे उत्तर मिळणार नाही तो क्रमांक काढून टाकावा. ग्रुपमध्ये येण्याचा दुवा कधी पाठवला असेल, तर तो रद्द करून घ्यावा. स्टेटस निवडक माणसांनाच दिसावे, अशी सोय व्हॉट्सअॅपमध्ये आहे. तिचा उपयोग करावा. मुलांच्या छायाचित्रात शाळेचे नाव, गणवेश वा येण्याजाण्याची वेळ उघड होऊ देऊ नये. ‘आईबाबा आज फडावर निघाले’ हे वाक्य प्रेमाचे खरे. पण घरात आता म्हातारी माणसे आणि मुलेच आहेत, हेही ते जगाला सांगते. आणि हेही ध्यानात असावे की, एखाद्याला आज काढले तरी त्याने काल जतन केलेली छायाचित्रे परत घेता येत नाहीत. म्हणून पाठवण्याआधीचा क्षणभर विचार हाच खरा उपाय.

तरीही नको असलेला माणूस आलाच तर काय करावे? सर्वांना एकच माप लावू नये. भावकीतील एखादी व्यक्ती केवळ चौकसपणाने सारे पाहत असेल आणि गावभर बोलत असेल, तर तिला समक्ष भेटून सौम्य शब्दांत सांगावे. अनोळखी क्रमांक असेल, तर वाद न घालता तो बंद करावा. त्याला कारण सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही. परंतु कोणी मुलीला वारंवार संदेश पाठवत असेल, नव्या नव्या क्रमांकांवरून संपर्क साधत असेल, तर प्रथम एकदाच स्पष्ट शब्दांत नकार कळवावा. त्यानंतर उत्तर देऊ नये. संदेश पुसूनही टाकू नयेत. क्रमांक, दिनांक आणि वेळ दिसेल अशा रीतीने पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे आणि मगच तो क्रमांक बंद करावा.

या स्पष्ट नकाराला कायद्यात महत्त्व आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने अहवाल दिला आणि २०१३ मध्ये पाठलाग हा भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दर्शवूनही पुरुषाने पुनःपुन्हा तिच्याशी संपर्क साधणे, तसेच इंटरनेटवरील तिच्या वावरावर पाळत ठेवणे, हे दोन्ही या कलमात येते. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अठरा वर्षांखालील मुलगा वा मुलगी असेल आणि हेतू लैंगिक असेल, तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. संकटसमयी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत.

पाळतीविरुद्धचा हा हक्क आपल्याला सहजासहजी लाभलेला नाही. पुराव्याअभावी सुटलेल्या खडकसिंह नावाच्या उत्तर प्रदेशातील इसमाच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी अवैध ठरवल्या. परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे बहुमताने मान्य केले नाही. त्यासाठी २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितले की, खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. हा हक्क फडावरच्या मजुराच्या लेकीलाही तितकाच आहे.

मात्र भीतीपोटी दुसरे टोक गाठू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती, एवढेच निमित्त झाले. म्हणून संशयिताचे छायाचित्र ‘यापासून सावध राहा’ असे लिहून गावभर पाठवणे हा उपाय नव्हे. तक्रार पोलीस ठाण्यात करावी, गर्दीपुढे करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. असा प्रकार घडला की पुष्कळ घरांत पहिली शिक्षा मुलीलाच होते. तिचा फोन काढून घेतला जातो, शाळा बंद होते आणि ‘नको ती भानगड’ म्हणून स्थळे पाहण्यास सुरुवात होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. यामागे दारिद्र्य आहे, स्थलांतर आहे, आणि आईबाप दूर असताना ‘मुलीची जबाबदारी’ वाटणारी धास्तीही आहे. त्या धास्तीत एका अनोळखी क्रमांकाची भर पडली की दहावीत शिकणाऱ्या मुलीचे भवितव्य बदलून जाते. पाठलाग करणारा मोकळा राहतो आणि जिचा पाठलाग झाला ती कोंडली जाते. अठरा वर्षांपूर्वी तिचे लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आपण जाणतोच. तो अन्यायही आहे, हे मनाने मानले पाहिजे.

शिक्षेच्या भीतीने मुलगी गप्प राहते आणि तिच्या गप्प राहण्यानेच त्या माणसाचे धाडस वाढते. म्हणून आजी-आजोबांना आमची विनंती आहे: नात फोन घेऊन घाबरल्या चेहऱ्याने जवळ आली, तर ‘तूच काहीतरी केले असशील’ हे शब्द ओठांवर येऊ देऊ नका. ‘बरे झाले बाळ, मला सांगितलेस’ असे म्हणा. फडावरच्या आईबापांनीही फोनवर प्रथम तिला धीर द्यावा. नको असलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवणे आवश्यक आहेच. पण तसे करताना घरच्या लेकराला घरातच परके करू नये, एवढे आपण सर्वांनी सांभाळू या.